नाशिकमधली साल्सा सोशल नाइट: पहिल्यांदा येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडला किंवा कॉलेज रोडला एखाद्या स्टुडिओत शनिवारी साल्सा या जोडीने करायच्या नाचाची सोशल आहे असं कळलं की आमच्या फोनवर मेसेज यायला लागतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, पण विचारणारा माणूस दर वेळी नवा असतो आणि त्याच्या मनातली धाकधूक खरी असते. म्हणून इथे उत्तरं जरा ऐसपैस लिहिली आहेत. मुंबई-पुण्याच्या मानाने नाशिकमध्ये जोडीने नाचणारी मंडळी थोडी आहेत. इथे एक नवा माणूस हिरमुसून घरी गेला तर तो पुन्हा येत नाही आणि त्याची उणीव सगळ्यांना जाणवते. पुढची बरीचशी उत्तरं याच काळजीपोटी दिलेली आहेत.

सोशल म्हणजे नक्की काय? क्लास, पार्टी की कार्यक्रम?

यातलं काहीच पूर्णपणे नाही. स्टेज नसतं, बसवलेला नाच नसतो, बक्षीस नसतं. डीजे गाणी लावतो, लोक एकमेकांना नाचायला विचारतात, एक गाणं संपलं की आभार मानून दुसऱ्या कुणाबरोबर नाचतात. कोणती स्टेप कधी येणार हे आधी ठरलेलं नसतं. लीड करणारा त्या क्षणी सुचवतो, फॉलो करणारी ते ओळखून आपल्या पद्धतीने पूर्ण करते. एक गाणं साधारण तीन ते पाच मिनिटांचं. जुन्या साल्सात याहून बरीच लांबही सापडतात आणि ती लागली की नवख्यांचा दम निघतो. मध्येच थांबलात तरी कुणी रागावत नाही.

सुरुवातीला बहुतेक ठिकाणी नवख्यांसाठी छोटा वर्ग असतो. तो चुकवू नका. स्टेप्स तर कळतातच, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे त्या वर्गात जोडीदार बदलत राहतात, त्यामुळे फ्लोअर खुला होईपर्यंत सात-आठ चेहरे ओळखीचे झालेले असतात.

मला काहीच येत नाही. तरी येऊ का?

या. बेसिक स्टेप, राइट टर्न (उजवीकडून फिरकी) आणि क्रॉस बॉडी लीड (फॉलोला आपल्या समोरून पलीकडे नेणं) या तीन गोष्टी जमल्या तरी अख्खं गाणं नाचता येतं. व्हिडिओ बघून वीस फिरक्या पाठ करून येणाऱ्यापेक्षा या तीनच गोष्टी तालात करणाऱ्याबरोबर नाचायला जास्त मजा येते, हे कुठलीही अनुभवी फॉलो सांगेल.

मात्र नुसतं बघायला म्हणून येऊन पूर्ण वेळ भिंतीला टेकून उभे राहू नका. पहिल्या तासात एक तरी गाणं नाचा. जितका उशीर कराल तितकं पाऊल जड होत जातं.

जोडीदार नाही. एकट्याने किंवा एकटीने आलं तर चालतं का?

चालतं, आणि अनेक जण तसेच येतात. जोडी घेऊन आलेल्यांनाही आमचं सांगणं असतं की वर्गात तरी जोड्या बदला. दोन नवखे एकमेकांबरोबरच नाचत राहिले तर दोघांच्या चुका एकमेकांना इतक्या सवयीच्या होतात की त्या चुका आहेत हेच कळत नाही.

एकट्या येणाऱ्या मुलींसाठी: आल्यावर प्रवेशद्वाराशी बसलेल्या आयोजकांना सांगा की पहिल्यांदा आले आहे. कुणीतरी ताई किंवा दादा तुमच्याबरोबर पहिलं गाणं नाचेल आणि चार जणांशी ओळख करून देईल. नवख्या मुलांसाठीही हेच. मुलांना धाकधूक नसते असं उगाच धरून चाललं जातं. खरं तर लीड शिकणाऱ्यावर सुरुवातीला जास्त ताण असतो, कारण ताल धरायचा, पुढची स्टेप ठरवायची आणि आजूबाजूच्या जोड्यांना धक्का लागू द्यायचा नाही, हे सगळं त्याच्या वाट्याला एकदम येतं.

नाचायला विचारायचं कसं?

समोर जाऊन, नजरेला नजर देऊन, हात पुढे करून. “नाचायचं का?” एवढं पुरे. मराठीत विचारा, हिंदीत विचारा, इंग्रजीत विचारा. लांबून खूण करू नका, हात धरून ओढू नका, पाणी पीत असलेल्या किंवा बुटाची पट्टी बांधत असलेल्या माणसाला घाई करू नका. मुलीही मुलांना विचारतात. आपल्याकडे मुलींनी वाट बघायची असते असा एक समज सोबत येतो. तो चपलांबरोबर बाहेर ठेवा. गाणं संपल्यावर आभार माना आणि शक्य असेल तर फ्लोअरच्या कडेपर्यंत सोबत चालत या.

कुणी नाही म्हटलं तर? आणि मला नाही म्हणायचं असेल तर?

“आत्ता नको, धन्यवाद” हे पूर्ण उत्तर आहे. कारण देणं बंधनकारक नाही. पाय दुखत असतील, गाणं आवडत नसेल, दमायला झालं असेल किंवा त्या माणसाबरोबर नाचायचंच नसेल. ऐकणाऱ्याने हसून “हरकत नाही” म्हणायचं आणि दुसऱ्याला विचारायचं. दोन-तीन जणांचा नकार लागोपाठ आला तर मन खट्टू होतं, हे मान्य. तेव्हा पाणी प्या, एक गाणं नुसतं ऐका, मग परत उठा.

एक संकेत मात्र पाळा. एकाला “दमले आहे” म्हणून त्याच गाण्यावर दुसऱ्याबरोबर उठू नका. तो पहिला माणूस समोरच उभा असतो. नंतर नाचायची खरोखर इच्छा असेल तर स्वतः जाऊन विचारा. त्याने पहिल्या नकाराचं ओझं उतरतं.

कुणाचा स्पर्श नकोसा वाटला तर काय करायचं?

गाणं अर्धवट सोडायचं. हात सोडा, “मला थांबायचंय” म्हणा आणि बाजूला या. गाणं पूर्ण करण्याची सक्ती कोणावरही नाही, समोरचा कितीही जुना नाचणारा असो. मग आयोजकांना सांगा, त्याच संध्याकाळी सांगा. आपल्याकडे “जाऊ दे, उगाच वाद नको” म्हणून गप्प बसायची सवय आहे, आणि छोट्या गावात, छोट्या गटात तर सगळे एकमेकांच्या ओळखीचे, म्हणून बोलणं आणखी अवघड. पण जी बोलत नाही ती पुढच्या वेळी येत नाही, आणि ज्याच्यामुळे ती आली नाही तो मात्र येत राहतो. हे होऊ द्यायचं नसेल तर ऐकून घेण्याची जबाबदारी आयोजकांची आहे. आयोजकाने “तो तसा नाही हो” असं म्हणून बोळवण केली तर ती जागा सोडा आणि मैत्रिणींनाही सांगा.

साल्सात हात कुठे असतात याचा अंदाज असलेला बरा. लीडचा उजवा हात फॉलोच्या पाठीवर, खांद्याच्या पात्याजवळ, आणि दुसरा हात हातात. दोघांमध्ये अंतर राहतं. कमरेखाली हात जायचं साल्सात काहीच कारण नाही. डिप, म्हणजे जोडीदाराला मागे झुकवणं, हे ओळख नसताना आणि विचारल्याशिवाय करू नये. पाठीचं दुखणं चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

ऑन वन, ऑन टू, क्यूबन… हे काय प्रकरण आहे? मी कोणतं शिकू?

साल्सा आठ मात्रांत मोजतात. पावलं एक-दोन-तीन आणि पाच-सहा-सात यांवर पडतात, चार आणि आठ रिकाम्या. दिशा बदलणारं पाऊल पहिल्या मात्रेवर टाकलं तर ऑन वन, दुसरीवर टाकलं तर ऑन टू. ऑन वनची शैली लॉस एंजेलिसशी जोडली जाते, ऑन टू न्यूयॉर्कशी, आणि ऑन टू शिकवण्याची पद्धत जगभर पसरवण्यात एडी टोरेस या शिक्षकाचा मोठा वाटा आहे. या दोन्हींत जोडी एका सरळ पट्टीत ये-जा करते. क्यूबन पद्धतीत, जिला कसिनो म्हणतात, जोडी एकमेकांभोवती फिरते. हीच पद्धत अनेक जोड्यांनी गोलात केली आणि एकाने हाक दिली की सगळ्यांनी जोडीदार बदलला, की झाली रुएदा. ती 1950 च्या दशकात हवानात रुजली. सोशलमध्ये रुएदाचा गोल लागला आणि तुम्हाला हाका कळत असतील तर जरूर शिरा. कळत नसतील तर एकदा बाहेरून बघा.

सुरुवात जिथे जवळ चांगला शिक्षक मिळेल तिथून करा. त्याची शैली ती तुमची. सिडकोत राहून नाशिक रोडला केवळ ऑन टूसाठी आठवड्यातून तीनदा जाणं दोन महिन्यांत बंद पडतं.

मला ताल सापडत नाही. एक कुठे आहे तेच कळत नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त लोक विचारतात, आणि अडचण कानाची नसून सवयीची असते. आपला कान ठेक्यावर वाढलेला आहे. भजनातला केहरवासुद्धा आठ मात्रांचा, पण त्यात सम ठसठशीत येते आणि कान तिथे टेकतो. साल्सात आपण तशीच जड थाप शोधत बसतो, आणि नेमका बास, म्हणजे खर्जातलं तंतुवाद्य, पहिल्या मात्रेला बऱ्याचदा वाजतच नाही. तो दुसरीनंतरच्या अर्ध्या मात्रेला आणि चौथीला येतो. त्यामुळे बासवर पाऊल टाकणारा माणूस प्रामाणिकपणे चुकत राहतो. नाशिक ढोलावर वाढलेल्यांचं तर हमखास असं होतं.

मग काय ऐकायचं? आधी काउबेल ऐका. गाणं रंगात आलं, कोरस आणि गायकाची सवाल-जबाबासारखी देवाणघेवाण सुरू झाली की बोंगो (छोट्या ढोलांची जोडी) वाजवणारा हातात ही घंटा घेतो, आणि तिचे मोठे टोल एक, तीन, पाच, सात यांवर पडतात. ते धरून चालायला लागा. नंतर काँगा हा हाताने वाजवायचा उंच ढोल ऐका: दुसऱ्या आणि सहाव्या मात्रेला चपराक, चौथी आणि आठवीला दोन-दोन खुले बोल. हे दोन बोल ऐकू यायला लागले की पुढचं पाऊल कुठे पडायचं ते पायाला कळतं. क्लावे सगळ्यात शेवटी. दोन काठ्यांचे पाच ठोके, कधी तीन-दोन, कधी दोन-तीन असे, आणि अनेक गाण्यांत ते वाजतही नाहीत, सगळ्या वादकांनी मनात धरलेले असतात.

घरी भांडी घासताना, बसमध्ये बसल्या बसल्या ऐका. नाचायची गरज नाही, नुसतं मोजा. आमच्या मते रोजची दहा मिनिटं ऐकणं हे आठवड्यातल्या एका जादा क्लासपेक्षा जास्त कामाचं आहे, आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

गाणी स्पॅनिशमध्ये असतात, शब्द कळत नाहीत. हा नाच आला कुठून?

मूळ क्यूबात. पूर्व क्यूबातला सोन हा गाण्या-नाचाचा प्रकार, त्यात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे ताल आणि स्पॅनिश गाणं-गिटार. पुढे त्यातून मांबो, चाचाचा हे नाच. 1940 च्या दशकाच्या शेवटापासून न्यूयॉर्कच्या पॅलेडियम बॉलरूममध्ये पोर्तो रिकन, क्यूबन, ज्यू, इटालियन, आफ्रिकन-अमेरिकन असे सगळे एका फ्लोअरवर मांबो नाचत. साल्सा हे नाव आज ज्या अर्थाने आपण घेतो तो पक्का झाला 1960-70 च्या दशकांत, त्याच शहरात. डॉमिनिकन संगीतकार जॉनी पाचेको आणि वकील जेरी मासुची यांनी 1964 मध्ये फानिया रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली. सेलिया क्रूझ, एक्तोर लावो, विली कोलोन, रुबेन ब्लादेस या गायक-वादकांची नावं तिथून जगभर गेली. कोलंबियातल्या काली शहराने त्यात पायांची विजेसारखी चपळाई घातली.

स्थलांतरितांनी परक्या शहरात, कामाच्या आठवड्यानंतर, एकमेकांना धरून उभं केलेलं हे संगीत आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळी करून आलेला मुलगा जेव्हा त्यावर नाचतो तेव्हा ते मला अजिबात परकं वाटत नाही. आवडलेल्या दोन-चार गाण्यांचे अर्थ शोधून वाचा. उडत्या चालीखाली किती दुःख गायलेलं असतं ते कळलं की नाच बदलतो.

मध्येच वेगळीच संथ गाणी लागतात, तेव्हा लोक वेगळं नाचतात. ते काय?

बहुधा बचाटा. तो डॉमिनिकन रिपब्लिकचा, गिटारवर चालणारा, चौथ्या मात्रेला हलका ठेका. 2019 मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. शिकायला साल्सापेक्षा सोपा. कधी किझोम्बाही लागतो, तो अंगोलाचा. या दोन्हींत काही शैली जवळून नाचल्या जातात. किती जवळून, हे जो कमी जवळीक मागतो त्याच्या मनाप्रमाणे ठरतं. साल्साचीच आवड असेल तर या गाण्यांना विश्रांती घ्या.

कपडे आणि बूट कसे?

अंगाला मोकळे, घाम शोषणारे. सलवार-कमीज चालते, ओढणी मात्र बॅगेत. साडी नेसून नाचणाऱ्याही आहेत, पण पहिल्याच वेळी नको. लांब वेणी वर बांधा, फिरकी घेताना ती समोरच्याच्या डोळ्यावर बसते. कडं, मोठं घड्याळ, टोकदार अंगठ्या, लोंबते झुमके काढून ठेवा. पुरुषांनी एक जादा टी-शर्ट आणि नॅपकिन आणाच. तासाभराने शर्ट बदलणं म्हणजे जोडीदाराचा मान राखणं आहे.

बुटांबद्दल मात्र आग्रहाने सांगतो. रबरी तळाचे, घट्ट पकडणारे स्पोर्ट्स शूज घालून फिरक्या घेऊ नका. पाऊल जमिनीला चिकटतं, अंग वळतं, आणि पीळ गुडघ्यावर येतो. चामड्याच्या गुळगुळीत तळाचे बूट सुरुवातीला उत्तम. नाचाचे खास बूट मऊ स्वेडच्या तळाचे असतात, ते रस्त्यावर घालत नाहीत, हॉलमध्ये येऊन बदलतात. आपल्याकडे बऱ्याच हॉलमध्ये फरशी असते, लाकडी फ्लोअर नसतं, त्यामुळे टाच बारीक आणि उंच नको. पाय सरकावा म्हणून फरशीवर टाल्कम पावडर टाकणारे महाभाग कुठे दिसले तर थांबवा. दुसऱ्याच जोडीतली कुणीतरी त्यावर घसरते.

खाऊन यावं का?

हलकं, दीड-दोन तास आधी. संध्याकाळी मिसळ आणि वर कच्चा कांदा खाऊन येण्याचा मोह या गावात होणारच, पण ती दुसऱ्या दिवशी सकाळी गटाने जाऊन खा. पाणी भरपूर प्या. दारू पिऊन फ्लोअरवर येऊ नका. वायनरींच्या गावात हे सांगावं लागतं. तोल आणि अंदाज दोन्ही बिघडतात आणि दुखापत समोरच्याला होते.

माझं वय पन्नासच्या पुढे आहे. शोभेल का?

शोभेल. साल्सात वय पायांपेक्षा मोजणीत जास्त दिसतं, आणि मोजणी मोठ्या माणसांची बरीचदा पक्की असते. गुडघ्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांशी बोला, जलद गाणी सोडा, फिरक्या कमी घ्या आणि जोडीदाराला सुरुवातीलाच सांगा. काका, काकू अशी हाक फ्लोअरवर कुणी मारू नये, नावाने हाक मारा.

नवरा नाचत नाही, पण मला यायचंय. घरच्यांना काय सांगू?

त्यांना एकदा सोबत घेऊन या. नाचायची सक्ती नाही, बसून बघू द्या. उजेड असलेला हॉल, बाजूला पाण्याची जार, घामाघूम होऊन मात्रा मोजणारी माणसं, हे डोळ्यांनी पाहिलं की मनातलं निम्मं चित्र बदलतं. आईवडिलांच्या बाबतीतही हेच. उरलेलं निम्मं बदलायला वेळ लागतो आणि तो संवाद तुमच्या घरातला आहे, त्यात आम्ही पडणार नाही.

मुलगी लीड करू शकते का? मुलगा फॉलो?

हो, दोन्ही. दोन मुली, दोन मुलगे एकत्र नाचतात. ज्याने दोन्ही बाजू थोड्या शिकल्या आहेत त्याचा हात हमखास हलका होतो, कारण दंड ओढला की काय वाटतं हे त्याला ठाऊक असतं.

सोशल इतक्या लवकर का सुरू होते? रात्रभर का नाही?

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंदी आहे. बंदिस्त सभागृहांना त्यात सूट असली तरी आवाज बाहेर गेला तर शेजारच्या सोसायटीची तक्रार रास्तच असते. म्हणून संध्याकाळी सातच्या सुमाराला सुरुवात झालेली बरी. वेळेवर या. साडेनऊला येणाऱ्याच्या वाट्याला रिकामं फ्लोअर आणि खुर्च्या उचलणारी माणसं येतात.

रात्री घरी कसं जायचं?

निघण्याआधी ठरवा. सिटीलिंकची शेवटची बस कधी आहे ते आधी बघून ठेवा, रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. पंचवटी, इंदिरानगर, नाशिक रोड अशा एका दिशेच्या लोकांनी एकत्र निघावं, आणि पोचल्याचा मेसेज गटावर टाकावा. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरतो तेव्हा आपल्याकडेही रात्री हुडहुडी भरते. ओल्या शर्टाने दुचाकीवर बसू नका, जॅकेट आणा.

मी चुकलो, कुणाला धक्का लागला, तर?

थांबा, माफी मागा, लागलंय का ते विचारा. चूक कुणाची हे नंतरही ठरवायची गरज नाही. गर्दीत पावलं छोटी ठेवा, मागे न बघता मागे पाऊल टाकू नका.

आणि जोडीदार चुकला तर त्याला फ्लोअरवर शिकवू नका. न विचारता दिलेली दुरुस्ती कितीही प्रेमाने दिली तरी गाण्याची तीन मिनिटं परीक्षेची होतात. दुखत असेल तर मात्र लगेच सांगा, ते शिकवणं नव्हे.

आम्ही जुने नाचणारे आहोत. आमच्यासाठी काही?

तुमच्याकडूनच सगळ्यात जास्त मागणं आहे. दर सोशलला काही गाणी नवख्यांबरोबर नाचा, आणि ती शेवटची उरलेली गाणी नकोत, डीजेने लावलेलं एखादं आवडतं गाणंही त्यात असू द्या. तुमच्या ताकदीच्या चार जणांचं टोळकं करून कोपऱ्यात आपापसात नाचणं सोपं आहे आणि मजेचंही आहे. पण गावात नाचणारे मोजके असताना ते टोळकं वर्षभरात कंटाळतं, आणि तोवर दारातून परत गेलेले लोक दुसऱ्या छंदाला लागलेले असतात. नवख्या फॉलोला अवघड फिरक्या देऊन गोंधळवू नका. साध्या स्टेप्स, स्वच्छ हात, चेहऱ्यावर हसू. नवखा लीड तीच बेसिक पुन्हा पुन्हा करत असेल तर त्या बेसिकमध्ये संगीत ऐका, तुमच्या पायांना आणि खांद्यांना तिथे भरपूर मोकळीक असते.

मुंबई-पुण्याच्या सोशलला जावं का?

जरूर, थोडी सवय झाली की. तिथे अनोळखी हात जास्त मिळतात आणि आपण फक्त आपल्याच गटाच्या सवयींवर नाचत होतो का ते कळतं. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जाता येतं, पण ती संध्याकाळीच मुंबईहून परत निघते, त्यामुळे रात्री राहायची सोय आधी करा. पुणे साधारण दोनशे किलोमीटर, नाचून दमल्यावर रात्री गाडी चालवत परत येण्याचं धाडस करू नका. तिथे जे शिकाल ते इथे येऊन दाखवण्यापेक्षा वाटा.

व्हिडिओ काढून इन्स्टाग्रामवर टाकला तर चालेल?

नाचणाऱ्या दोघांनाही विचारून. मागे कोण दिसतंय तेही बघा. काहींनी घरी सांगितलेलं नसतं, काहींना ऑफिसात चर्चा नको असते, काहींना नुसतंच आवडत नाही. टाकल्यानंतर कुणी काढायला सांगितला तर कारण न विचारता त्याच वेळी काढा.